पडद्यावरची ताई, पडद्यावरचा दादा

मुलांच्या टीव्ही कार्यक्रमाचं निवेदन हा या वेळचा विषय. विदर्भातल्या वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी आठ निवडले आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि नावं छापलेली नाहीत.

आमच्या जिल्हा परिषद शाळेतर्फे दर शनिवारी मुलांसाठी दहा मिनिटांचा कार्यक्रम मोबाइलवर चित्रित करून पालकांच्या ग्रुपवर टाकतो. निवेदन मी करते. वर्गात चाळीस पोरं माझं ऐकतात, पण व्हिडिओ मात्र दोन मिनिटांच्या पुढं कोणी बघत नाही. काय चुकतं? — एक शिक्षिका, तालुका दारव्हा

मॅडम, आधी ‘मुलांनो’ हा शब्द काढून टाका. वर्गात चाळीस जण असतात, पण मोबाइलसमोर एकच पोर असतं, बहुतेक वेळा आजीच्या मांडीवर. त्याच्याशी ‘तू’ म्हणून बोला. इथं मराठीची एक अडचण येते. ‘तू आलास’ म्हटलं की मुली सुटतात, ‘तू आलीस’ म्हटलं की मुलं. ‘बघतोस’, ‘बघतेस’ यांचंही तेच. म्हणून वाक्यं अशी बांधायची की लिंग येऊच नये : ‘तुला काय दिसतं?’, ‘तू काय केलंस?’, ‘जेवण झालं का?’, ‘तुझ्याकडं काडेपेटीचा रिकामा खोका आहे का?’ पहिले काही दिवस संहिता लिहून झाल्यावर असे शब्द लाल पेनानं शोधा. चार-पाच भागांनंतर हाताला सवय होते.

दुसरी गोष्ट नजर. मोबाइलवर आपण स्वतःचा चेहरा बघत बोलतो आणि पडद्यावर डोळे खाली झुकलेले दिसतात. मागच्या कॅमेऱ्यानं चित्रित करा आणि भिंगाच्या बोटभर वर लाल टिकली चिकटवा. बोलणं त्या टिकलीशी. भिंग तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर हवं. खुर्चीवर बसलात तर जमिनीपासून साधारण ११५ ते १२० सेंटिमीटर, सतरंजीवर बसलात तर ७०-७५. मोबाइल त्याहून खाली ठेवला की तुम्ही वरून दटावताय असं दिसतं, मग तुमचा आवाज कितीही गोड असो.

तिसरी गोष्ट थांबणं. प्रश्न विचारल्यावर मनात ‘एक बैल, दोन बैल, तीन बैल, चार बैल’ मोजा आणि मगच पुढं जा. लहान मुलाला प्रश्न ऐकून, शब्द शोधून, तोंडानं उत्तर द्यायला तेवढा वेळ लागतो. तुम्ही लगेच ‘शाब्बास!’ म्हटलंत तर त्याला कळतं की समोरची बाई ऐकत नाही. वेगही कमी करा. मिनिटाला ९० शब्दांच्या पुढं जाऊ नका.

आता वाक्यांकडं येऊ, कारण खरं काम तिथंच आहे. अमेरिकेत पिट्सबर्गहून फ्रेड रॉजर्स यांनी १९६८ ते २००१ या काळात मुलांच्या एकाच कार्यक्रमाचे सुमारे ९०० भाग केले. एका अंध मुलीच्या घरून त्यांना पत्र आलं : तुम्ही माशांना खायला घालता ते तिला दिसत नाही, मासे उपाशी राहिले की काय याची तिला काळजी वाटते. तेव्हापासून ते दाणे टाकताना ‘मी आता माशांना खायला घालतोय’ असं मोठ्यानं म्हणू लागले. एखादी सूचना मुलांसाठी लिहायची तर त्यांच्याकडं तिच्यावर टप्प्याटप्प्यानं काम होई. नकार काढायचा, काय करायचं ते सांगायचं, ‘आईला विचार’च्या जागी सगळ्यांना लागू पडेल असं माणूस घालायचं, खात्री नसेल तिथं ‘नेहमी’ म्हणायचं नाही.

हेच तुमच्या गावाला लावून बघा. ‘मुलांनो, शेततळ्यावर जाऊ नका, बुडाल!’ हे पहिलं वाक्य. त्यात नकार आहे, भीती आहे आणि कारण मात्र नाही. शिवाय गावात ज्यांचे आईबाप कामासाठी बाहेरगावी गेलेत आणि जे आजीकडं राहतात, त्यांना ‘आई-बाबांना सांगा’ म्हणून उपयोग नाही. शेवटी हाती येतं ते असं : ‘शेततळ्याच्या आत प्लास्टिक अंथरलेलं असतं. ते ओलं झालं की गुळगुळीत होतं. त्यावरून वर चढायला मोठ्या माणसालाही जमत नाही. तुला तळं बघायचं असलं तर घरातल्या मोठ्या माणसाचा हात धरायचा आणि कुंपणाच्या बाहेर उभं राहून बघायचं.’ चार छोटी वाक्यं, एकच सूचना, कारणासकट.

आणि दहा मिनिटं सलग बोलू नका. तीन-सव्वातीन मिनिटांचे तीन तुकडे करा. एकात वस्तू, एकात गोष्ट, एकात करून बघायचं काहीतरी.

उन्हाळ्यात वर्गात चित्रीकरण करताना आवाज घुमतो, पंखा बंद केला की घामानं जीव जातो आणि चित्रात पट्टे हलताना दिसतात. — एक शिक्षक, तालुका चिखली

पट्टे ट्यूबलाइटमुळं येतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होतो. मोबाइलमध्ये ‘प्रो’ मोड असेल तर सेकंदाला २५ चित्रं आणि शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, पट्टे जातील. नसेल तर ट्यूब बंद करून खिडकीजवळ बसा. खिडकी समोर किंवा बाजूला घ्या, पाठीमागं नको.

घुमण्याचं कारण टिनाचं छप्पर, उघड्या भिंती आणि फरशी. जमिनीवर दोन सतरंज्या, कॅमेऱ्यामागच्या भिंतीवर गोधड्या आणि तुमच्या दोन्ही बाजूंना कॅमेऱ्यात न दिसणाऱ्या दोरीवर जाड चादरी. एवढ्यानं फरक कानाला लगेच जाणवतो. थर्माकोल लावू नका, त्यानं काही होत नाही. कॉलर माइक हनुवटीखाली एक वीत. त्याच्याजवळ मंगळसूत्र, ओढणीची किनार किंवा आयकार्ड लटकत असेल तर प्रत्येक हालचालीला खरखर येते. काचेच्या बांगड्याही त्या वेळेपुरत्या काढून ठेवा.

वेळ सकाळी सात ते साडेनऊ. मे महिन्यात त्यानंतर टिन तापून तडतडायला लागतं आणि ते माइकमध्ये येतं. पंखा बंदच ठेवायचा, पण प्रत्येक तुकड्यानंतर तीन मिनिटं चालू करा. कपडे बारीक चौकड्याचे किंवा बारीक रेघांचे नकोत, पडद्यावर ते थरथरतात. पांढऱ्याशुभ्रपेक्षा मळकट पांढरा बरा.

मी झाडीपट्टीच्या (पूर्व विदर्भातल्या) नाटकांत चार हंगाम काम केलं. मुलांच्या कार्यक्रमाची अँकर व्हायचं आहे, पण बोलीमुळं हसतील अशी भीती वाटते. ऑडिशनचा व्हिडिओ कसा करू? — एक वाचक, वडसा

तुमच्याजवळ जे आहे ते पुण्या-मुंबईच्या कार्यशाळेत विकत मिळत नाही. दिवाळीपासून पुढचे काही महिने रात्र रात्र उभं राहून, समोरचा गडी डुलकी घ्यायला लागला की त्याला जागं करायचं कसब अंगात आहे. काही सवयी मात्र उलट्या फिरवाव्या लागतील.

रंगमंचावर आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा असतो. इथं शेवटची रांग दीड हातावर आहे. सराव असा करा : समोर पाटावर तांब्या ठेवा, त्यालाच गोष्ट सांगा आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा. कुठं आवाज फाटला, कुठं श्वास ऐकू आला ते टिपून ठेवा. चेहऱ्याचंही तेच. भुवया नाटकात जेवढ्या उचलता त्याच्या निम्म्या पुरतात, कारण पडद्यावर चेहराच सगळी जागा व्यापतो.

झाडीपट्टीत प्रॉम्प्टर असतो, तो वाक्य देतो आणि तुम्ही उचलता. स्टुडिओतला टेलिप्रॉम्प्टर वेगळा. वाक्यं भिंगासमोरच्या काचेवर सरकत असतात. त्यात दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे डोळे डावीकडून उजवीकडं पळताना दिसतात. त्यावर उपाय म्हणजे ओळ चार-पाच शब्दांची ठेवायची आणि कॅमेऱ्यापासून निदान दोन मीटर लांब उभं राहायचं. दुसरी, वाचणारा यंत्राच्या मागं धावतो. यंत्र चालवणाऱ्यानं तुमच्या मागं यायचं असतं, हे सुरुवातीलाच सांगून ठेवा. मुलांच्या कार्यक्रमात फक्त पहिली आणि शेवटची चार वाक्यं प्रॉम्प्टरवर घ्यावीत. मधलं सगळं मुद्दे पाठ करून.

बोलीचं. झाडीबोलीत ण, ळ, छ, श, ष हे उच्चार नाहीत. वऱ्हाडीत ‘डोळे’चं ‘डोये’ आणि ‘पाणी’चं ‘पानी’ होतं. घरात, बाजारात यात काहीच चूक नाही आणि गोष्टीतलं पात्र असं बोललं तर ते जिवंत होतं. पण जे मूल वाचायला शिकतंय, त्याला पडद्यावर ‘ळ’ लिहिलेला दिसतो आणि कानाला ‘य’ येतो. तिथं ते अडखळतं. म्हणून अक्षर, आकडा, वस्तूचं नाव सांगताना उच्चार छापल्याप्रमाणं ठेवा. ‘ळ’साठी जीभ मागं वळवून टाळूला लावायची आणि झटक्यानं सोडायची. रोज दहा मिनिटं ‘बाळ, माळ, फळ, गूळ, पोळा’ आणि लगेच ‘बाण, कण, गुण, पाणी, लोणी’. साधारण महिन्याभरात बसतं. चाल मात्र बदलू नका. ‘करून राहिली’, ‘येऊन राहिली’ची जी ओढ आहे, ती आवाजात राहू द्या. ती घासून टाकलेले कितीतरी अँकर एका साच्यातून काढल्यासारखे बोलतात आणि म्हणूनच लक्षात राहत नाहीत.

ऑडिशनचा व्हिडिओ ९० सेकंदांचा. मोबाइल आडवा. पहिली दहा सेकंद नाव, गाव, वय. पुढची चाळीस सेकंद हातात एक वस्तू घेऊन तिच्याबद्दल पाच वर्षांच्या एकाच मुलाला सांगा. भुलाबाईच्या खिरापतीचा झाकलेला डबा घेतलात तर ओळखायला लावण्याचा खेळ आपोआप येतो. उरलेल्या चाळीस सेकंदांत एखादी गोष्ट, दोन पात्रांच्या आवाजांत. पार्श्वसंगीत नको, फिल्टर नको, कापाकापी नको. बघणाऱ्याला तुमचं सलग बोलणं बघायचं असतं. पाठवलेल्या व्हिडिओंत सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे लहान मुलासारखा बोबडा आवाज काढणं. पाच वर्षांचं मूल स्वतःला लहान समजत नाही, त्याला ते वेडावल्यासारखं वाटतं.

सुरुवात आकाशवाणीपासून करा असंही सुचवतो. नागपूर, अकोला, अमरावती, यवतमाळ, चंद्रपूर इथं केंद्रं आहेत आणि नैमित्तिक उद्घोषकांसाठी लेखी परीक्षा व आवाजाची चाचणी होते. चेहरा नसताना मुलाला धरून ठेवता आलं तर कॅमेऱ्यासमोर निम्मं काम झालेलं असतं.

टीव्हीवर पाच मिनिटांत खेळणं तयार होतं. आम्ही तान्ह्या (लहान मुलांच्या) पोळ्याचा बैल करायला घेतला तर पाऊण तास गेला आणि चाकं फिरलीच नाहीत. ते कसं करतात? — दोन बहिणी, तालुका उमरेड

आधीच करून ठेवतात! बीबीसीवर १९५८ पासून चालत आलेल्या ‘ब्लू पीटर’ या मुलांच्या कार्यक्रमानं ही पद्धत इतकी रुळवली की ‘हे मी आधीच करून ठेवलंय’ हे वाक्य तिकडं थट्टेचा विषय झालं. पण फसवाफसवी नाही त्यात. डिंक वाळायला अर्धा तास लागतो आणि कार्यक्रम थांबत नाही.

पाच मिनिटांच्या भागासाठी एक नव्हे, पाच बैल लागतात. पहिला म्हणजे नुसतं सामान, दुसरा कापलेला, तिसरा चिकटवून वाळलेला पण चाकांविना, चौथा पूर्ण, पाचवा मोडला तर म्हणून. ते टेबलाखाली डावीकडून उजवीकडं त्याच क्रमानं लावायचे. मोठं काम (सगळं कापणं) कॅमेऱ्यासमोर एकदाच, तेही एका बाजूचं. ‘दुसरी बाजू अशीच’ म्हणायचं आणि दुसरा नमुना वर आणायचा.

तुमच्यासाठी माप. वह्यांच्या खोक्याचा पुठ्ठा. बैलाच्या दोन सारख्या बाजू, प्रत्येकी १८ सेंमी लांब, १२ सेंमी उंच, वशिंड त्यातच कापलेलं. मध्ये ४ सेंमी रुंदीची पट्टी, म्हणजे बैल पोकळ राहतो आणि उभा राहतो. बैलाखालचा पाटा २२ बाय ८ सेंमी, पुठ्ठ्याचे दोन थर. चाकांना बाटलीची चार सारखी झाकणं. आसाला १२ सेंमीच्या दोन सरळ तुराट्या, सालं काढून. शीतपेयाच्या नळीचे ७ सेंमीचे दोन तुकडे. ओढायला ६० सेंमी सुतळी.

चाकं फिरली नाहीत त्याचं कारण बहुतेक असं : तुम्ही तुराटी पाट्याला चिकटवली आणि झाकणांनाही. मग फिरणार काय? पाट्याखाली नळी चिकटवायची, तुराटी तिच्यातून सैल घालायची आणि डिंक फक्त तुराटी व झाकण यांच्यात लावायचा. दुसरं कारण, झाकणाचं भोक मधोमध नसतं. झाकण कागदावर ठेवून गोल काढा, तो गोल कापून दोनदा घडी घाला, घड्या जिथं एकमेकींना छेदतात तो मध्य. भोक मोठ्या माणसानं तापवलेल्या दाभणानं पाडायचं आणि हे वाक्य कार्यक्रमात मोठ्यानं बोलायचं. शिंगं आधी चिकटवू नका, हाताळताना तीच पहिली मोडतात.

चित्रीकरण करणाऱ्यांसाठी : हाताचं जवळचं दृश्य घेताना मोबाइल तुमच्या खांद्यामागून वरून लावा. समोरून लावला तर बैल उलटा दिसतो आणि डावं-उजवं बदलतं. ‘उजव्या हातानं धरा’ असं म्हणूच नका, डावखुरी पोरं तिथंच थांबतात. ‘तुझी कात्री ज्या हातात असते, तो हात’ म्हणा.

शेवटी खरा लाकडी बैल दाखवा. नागपुरात तान्हा पोळा दुसऱ्या रघुजी भोसल्यांच्या काळापासून, १८०६ पासून भरतो असं सांगतात. पुठ्ठ्याचा बैल त्याच्या शेजारी ठेवला की मुलाला दोन्हींतलं नातं न सांगता कळतं.

माझ्या नऊ वर्षांच्या मुलाची एका बालवाहिनीच्या कार्यक्रमासाठी ‘निवड’ झाल्याचा फोन आला. नोंदणी आणि पोर्टफोलिओचे पैसे मागतात. भरू का? — एक शेतकरी पालक, तालुका बाळापूर

भरू नका. काम देणारा पैसे देतो, घेत नाही. ऑडिशन न बघता निवड, आजच भरा नाहीतर जागा जाईल, वैयक्तिक खात्यावर पाठवा : यातलं एक जरी असलं तरी फोन ठेवून द्या. पोराचा व्हिडिओ, आधार कार्ड काहीही पाठवू नका. पैसे आधीच गेले असतील तर १९३० वर लगेच तक्रार करा, उशीर झाला की रक्कम अडवणं अवघड होतं.

खरं काम आलं तर कायदा तुमच्या बाजूनं आहे. बाल व किशोरवयीन कामगार कायद्याच्या २०१७ च्या सुधारित नियमांप्रमाणं निर्मात्याला ज्या जिल्ह्यात चित्रीकरण होणार, तिथल्या जिल्हा दंडाधिकाऱ्याची म्हणजे जिल्हाधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. मुलाला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त आणि सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. पाच मुलांमागं एक जबाबदार माणूस नेमावा लागतो. शाळा बुडवून सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम चालत नाही. मिळकतीतली किमान २० टक्के रक्कम थेट मुलाच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जाते आणि सज्ञान झाल्यावर त्याला मिळते. मुलाची इच्छा नसेल तर त्याला भाग घ्यायला लावता येत नाही, तुमची कितीही इच्छा असली तरी.

निर्मात्याला एकच प्रश्न विचारा : ‘परवानगीचा कागद दाखवता का?’ खोटा माणूस तिथंच विषय बदलतो. पाच तासांत येण्याजाण्याचा वेळ धरला नाही, तर बाळापूरहून निघालेलं पोर संध्याकाळी पेंगत असतं. करारात मुक्कामाचं आणि जेवणाच्या वेळेचं लिहून घ्या.

अंगणवाडीत मोज्याची बाहुली बोलवते, पण पोरं माझ्याच तोंडाकडं बघतात. — अंगणवाडी सेविका, तालुका हिंगणघाट

कारण बाहुली बोलते तेव्हा तुम्हीही पोरांकडं बघता. बाहुली बोलत असताना तुमची नजर बाहुलीवर हवी, पोरांची नजर तुमच्या नजरेमागं जाते. तोंड उघडताना वरची चार बोटं हलवू नका, त्यानं बाहुली आभाळाकडं बघते. अंगठा खाली न्या. प्रत्येक अक्षराला एकदा उघडायचं : ‘आं-बा’ दोनदा. मनगट थोडं खाली वाकवा, म्हणजे तिचे डोळे पोरांवर येतात.

ओठ न हलवता बोलायचं असेल तर प, फ, ब, भ, म ही अक्षरं अडतात, ती ओठ मिटल्याशिवाय येत नाहीत. रामदास पाध्यांच्या अर्धवटरावानं महाराष्ट्राला वेड लावलं ते शब्दभ्रम वर्षानुवर्षांच्या मेहनतीचं आहे. तुम्हाला त्याची गरज नाही. ओठ हलू द्या, नजर सांभाळा. बाहुलीच्या तोंडी ही पाच अक्षरं कमी येतील असे शब्द ठेवले तरी पुरे.

आमच्या लहानपणी दूरदर्शनवर ‘किलबिल’ होतं. तशी ताई-दादा मंडळी आता दिसत का नाहीत? यात आयुष्य काढता येतं का? — निवृत्त मुख्याध्यापक, वरोरा

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि ‘किलबिल’ मराठी मुलांच्या घरात गेलं. ज्यांच्या गावात टीव्ही नव्हता त्यांना ते पुष्कळ उशिरा मिळालं. उपग्रहावरून गावकऱ्यांना आणि शाळकरी मुलांना कार्यक्रम दाखवण्याचा ‘साइट’ हा मोठा प्रयोग १९७५-७६ मध्ये सहा राज्यांतल्या २,४०० गावांत झाला, पण महाराष्ट्र त्यात नव्हता. १९८४ मध्ये पुण्यात बालचित्रवाणी उभी राहिली आणि शाळेच्या विषयांवरचे कार्यक्रम दूरदर्शनवर येऊ लागले. २०१७ मध्ये ती बंद झाली. दरम्यान १९९५ ला कार्टून नेटवर्क आणि २००४ ला पोगो आलं. बाहेरचं कार्टून आणून त्यावर आवाज चढवणं स्वस्त, त्याला निवेदक लागत नाही. स्टुडिओतली ताई गेली ती इथं. पोगोवर कागद-कात्रीचा ‘मॅड’ करणारा रॉब हा ठळक अपवाद. २०२० च्या टाळेबंदीत सह्याद्रीवर ‘टिलीमिली’ सुरू झाली तेव्हा पुन्हा कळलं की पडद्यावरून मुलाशी मराठीत बोलणारं माणूस लागतं.

आयुष्य? ‘ब्लू पीटर’वर सगळ्यात जास्त टिकलेले जॉन नोक्स, तेही साडेबारा वर्षं. रॉजर्स यांची तेहतीस वर्षं हा अपवाद, आणि ते स्वतः लिहीत, गाणी रचत, बाहुल्या बोलवत. आपल्याकडं मानधन भागाप्रमाणं मिळतं. एका दिवसात तीन-चार भाग उरकतात, मग दोन महिने शांतता. घर त्यावर चालवायचं धाडस कुणाला सुचवणार नाही. शाळा, नाट्यशिबिरं, जाहिरातींचा आवाज, डबिंग, आकाशवाणी यांच्या जोडीला ते ठेवावं.

करारात तीन गोष्टी बघा : पुनःप्रक्षेपणाचे पैसे आहेत का, यूट्यूबवर टाकण्याचा हक्क किती काळाचा, आणि तुमचं पात्र (टोपणनाव, लकब, वेशभूषा) कोणाच्या मालकीचं. तिसऱ्याकडं कोणी बघत नाही आणि कार्यक्रम बंद पडल्यावर स्वतःच रुळवलेलं नाव घेऊन शिबिरही घेता येत नाही. मानधनातून कर कापला जातो, तो लागू करापेक्षा जास्त असेल तर जादाचा विवरणपत्र भरून परत मागता येतो, त्यामुळं कापल्याचं प्रमाणपत्र दरवेळी मागून घ्या.

आवाज हे भांडवल. दिवसाला चार भाग असतील तर मधल्या वेळेत गप्पा नकोत. घसा बसला तर कुजबुजू नका, कुजबुजण्यानं ताण वाढतो. कोमट पाणी आणि पूर्ण मौन.

आमच्या व्हिडिओंवर मुलांचे खूप निरोप येतात. सगळ्यांना ‘धन्यवाद बाळा’ एवढंच पाठवतो. — एक युवक मंडळ, तालुका अचलपूर

‘ब्लू पीटर’च्या एकेकाळच्या संपादक बिडी बॅक्स्टर यांनी लहानपणी एका प्रसिद्ध लेखिकेला पत्र पाठवलं होतं. उत्तर आलं, त्या हरखल्या. दुसरं पत्र लिहिलं तर शब्दान् शब्द तेच उत्तर आलं. ती निराशा त्या विसरल्या नाहीत आणि कार्यक्रमात त्यांनी प्रत्येक पत्रलेखक मुलाचं कार्ड ठेवायची पद्धत लावली, म्हणजे पुढच्या पत्राला मागचा धागा धरून उत्तर जाई.

तुम्हाला शंभर पानी वही पुरेल. चार रकाने : फक्त पहिलं नाव, वय, काय लिहिलं होतं, आपण काय उत्तर दिलं. उत्तरात त्यानं लिहिलेली एक गोष्ट यायला हवी : ‘तुझ्या बकरीला पिल्लू झालं का?’ निरोप पालकांच्याच फोनवर द्या, मुलाशी वेगळं खासगी बोलणं ठेवू नका. कार्यक्रमात नाव वाचताना गाव आणि शाळा दोन्ही एकत्र सांगू नका, फोटो पालकांच्या लेखी होकाराशिवाय नको. कुणी मारहाणीचं किंवा त्रासाचं लिहिलं तर पडद्यावर वाचायचं नाही, १०९८ या मुलांच्या मदतवाहिनीला त्याच दिवशी कळवायचं. वही कपाटात कुलपात, आणि तिची किल्ली मंडळातल्या एकाकडंच.